पुस्तक शेजारी ठेवून फोटो संपादन कसे शिकावे

हातात बरा कॅमेरा किंवा चांगला मोबाइल आहे, पहाटे नागपुरातल्या फुटाळा नाहीतर अंबाझरी तलावावर जाऊन फोटो काढण्याची आवडही आहे, पण घरी येऊन ते फोटो संगणकावर उघडले की पुढे काय करायचे हे सुचत नाही, अशा नवशिक्यांसाठी हा लेख लिहिला आहे. संपादन शिकवणारे व्हिडिओ आज हवे तितके मिळतात आणि त्यांचा उपयोगही होतो. तरीही पायाभरणी एखाद्या चांगल्या पुस्तकावरूनच करावी, असे माझे ठाम मत आहे. व्हिडिओत बहुधा एखादी करामत दाखवलेली असते. ती करामत कोणत्या कामानंतर आणि कोणत्या कामाआधी करायची, हे पुस्तक सांगते, आणि संपादनात हा क्रम सांभाळला की बराचसा गोंधळ आपोआप टळतो.

पुस्तकावरून शिकताना एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून टाळली पाहिजे. पुस्तकात “कॉन्ट्रास्ट २५ ने वाढवा” असे लिहिलेले असते आणि वाचक आपल्या फोटोतही तो मुकाट्याने २५ ने वाढवतो. तो आकडा लेखकाच्या त्या एका फोटोसाठी, त्या वेळच्या उजेडासाठी काढलेला असतो. ढगाळ आभाळाखाली काढलेल्या फोटोला जे मानवते, ते आपल्याकडच्या एप्रिलमधल्या सकाळी नऊच्या उन्हात काढलेल्या फोटोला मानवेलच असे नाही, कारण त्या उन्हात सावल्या आधीच काळ्याकुट्ट आणि उजळ भाग आधीच भाजून निघालेले असतात. म्हणून आकडा वाचला की लेखकाने तो का निवडला असेल, फोटोतली कोणती उणीव पाहून निवडला असेल, हे आधी शोधावे आणि मगच स्लायडरला हात लावावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका शिस्तीवर उभ्या आहेत.

पुस्तकाची निवड

पुस्तकाआधी सॉफ्टवेअर ठरवावे. बहुतेक पुस्तके फोटोशॉपवर लिहिलेली असतात, परंतु २०१३ पासून त्याच्या नव्या आवृत्त्या वर्गणी भरूनच वापराव्या लागतात. सुरुवातीलाच हा खर्च नको असेल तर गिंप हे मोफत सॉफ्टवेअर शिकण्यासाठी पुरेसे आहे, आणि रॉ फायलींसाठी, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता जतन केलेल्या मूळ फायलींसाठी, डार्कटेबलही मोफत मिळते. ओळखीतल्या कोणी फोटोशॉपची क्रॅक केलेली प्रत टाकून देण्याची तयारी दाखवली तरी ती घेऊ नये. अशा प्रतींबरोबर व्हायरस येतात आणि ज्या संगणकावर घरच्यांचे सगळे फोटो साठवलेले आहेत, तोच धोक्यात येतो.

पुस्तक नवेच असले पाहिजे असे नाही. लेअर, म्हणजे फोटोवर एकावर एक ठेवलेले थर, फोटोशॉपमध्ये १९९४ साली तिसऱ्या आवृत्तीत आले, अ‍ॅडजस्टमेंट लेअर (मूळ चित्राला धक्का न लावता उजेड-रंग बदलणारा थर) १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत आणि डाग पुसणारा हीलिंग ब्रश २००२ च्या सातव्या आवृत्तीत आला. लेव्हल्स व कर्व्हज (उजेड-सावली बदलण्याची साधने) आणि मास्क (बदल फोटोच्या ठरावीक भागापुरता ठेवणारे आवरण) यांमागचा विचारही तेव्हापासून फारसा बदललेला नाही. त्यामुळे सीताबर्डीच्या बाजारात जुन्या पुस्तकांत किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे पुस्तक मिळाले तर ते आनंदाने घ्यावे. अशा पुस्तकातली मेनूंची ठिकाणे बदललेली असतील आणि नको असलेली वस्तू एका क्लिकमध्ये पुसणारी आजची साधने त्यात नसतील, एवढे धरून चालावे.

विकत घेण्यापूर्वी दुकानातच उभे राहून लेव्हल्स किंवा कर्व्हजचे प्रकरण उघडावे आणि दोन पाने वाचावीत. नुसत्या “इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा” अशा सूचनाच असतील तर ते पुस्तक ठेवून द्यावे. फोटोत काय बिघडले आहे, हे कशावरून ओळखायचे आणि मग हे साधन का वापरायचे, हे सांगणारे पुस्तक घ्यावे. मागे सूची आहे की नाही आणि सरावासाठी मूळ फोटो उतरवून घेण्याची सोय दिली आहे की नाही, हेही पाहावे. झेरॉक्स काढलेली प्रत मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी या विषयात निरुपयोगी आहे, कारण रंगांत झालेला बारीक फरक दाखवण्यासाठी छापलेली चित्रे तिच्यात करडी होऊन जातात.

पुस्तक फोटोशॉपचे आणि संगणकावर गिंप, अशी जोडी असेल तर काही अडत नाही. गिंपमध्ये २०२५ साली आलेल्या ३.० आवृत्तीपासून बरेच बदल मूळ चित्राला धक्का न लावता करता येतात. त्याआधीची आवृत्ती असेल तर पुस्तकात जिथे अ‍ॅडजस्टमेंट लेअर सांगितला आहे, तिथे आपल्या लेअरची प्रत काढावी, बदल त्या प्रतीवर करावा आणि तिला मास्क जोडावा. परिणाम जवळपास तोच मिळतो. सॉफ्टवेअरची भाषा पुस्तकाची असेल तीच ठेवावी, म्हणजे पानावरचे नाव पडद्यावर शोधताना वेळ जात नाही.

खोली, पडदा आणि फायली

या पायरीकडे नवशिके लक्षच देत नाहीत, आणि मग आपण केलेला फोटो दुसऱ्याच्या मोबाइलवर वेगळा का दिसतो, याचा उलगडा त्यांना होत नाही. नागपुरात उन्हाळ्यात खिडक्यांना आणि गॅलरीला हिरवी नेट लावलेली असते. तिच्यातून येणारा उजेड हिरवट असतो, डोळे काही मिनिटांत त्या हिरवटपणाला सरावतात आणि मग पडद्यावरचा अगदी योग्य रंगाचा फोटोही किंचित गुलाबी वाटू लागतो. तो सुधारण्यासाठी आपण त्यात हिरवा मिसळतो. संध्याकाळी तोच फोटो पाहिला की माणसांचे चेहरे आजारी दिसतात. म्हणून संपादन करताना खिडकीचा पडदा ओढून घ्यावा, खोलीत एकच साधा पांढरा दिवा ठेवावा आणि त्याचा उजेड थेट पडद्यावर पडू देऊ नये.

लॅपटॉपचा रात्रीचा पिवळसर मोड बंद करावा. ब्राइटनेस पूर्ण वाढवलेला नसावा. पांढरे पान पडद्यावर उघडून शेजारी कागद धरला असता दोन्हींचा उजळपणा साधारण सारखा दिसेल, इतपत तो ठेवावा.

मूळ फोटोंचे एक फोल्डर करावे आणि त्यातली फाइल कधीही थेट उघडून बदलू नये. काम नेहमी प्रतीवर करावे आणि ते फोटोशॉपच्या पीएसडी किंवा गिंपच्या एक्ससीएफ या स्वरूपात जतन करावे, कारण त्यांत लेअर शाबूत राहतात. जेपेग फाइल बदलून पुन्हा पुन्हा जतन केली की दर वेळी थोडी माहिती कमी होते, म्हणून जेपेग अगदी शेवटी, बाहेर द्यायची प्रत म्हणूनच काढावी. कॅमेऱ्यात रॉची सोय असेल तर ती सुरू करावी. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. सावलीतला चेहरा उजळ करताना हा फरक डोळ्यांना स्पष्ट दिसतो.

प्रकरण कसे वाचावे

एक प्रकरण तीन वेळा हाताळावे. पहिल्यांदा संगणक बंद ठेवून ते सलग वाचावे आणि छापलेली आधीची व नंतरची चित्रे नीट न्याहाळावीत. काय बदलले हे आपल्या शब्दांत सांगता येते का, ते पाहावे. दुसऱ्यांदा पुस्तकातलाच सरावाचा फोटो घेऊन, पान उघडे ठेवून प्रत्येक कृती करावी. तिसऱ्यांदा पुस्तक मिटावे आणि तेच काम स्वतःच्या फोटोवर करावे. तिसऱ्या वेळी हात अडखळतो आणि नेमके कुठे अडखळला हे कळते. तेवढाच भाग पुन्हा उघडून वाचावा. ही तिसरी फेरी गाळणारे लोक पुस्तक संपवतात, पण त्यांना त्यातले काही येत नाही.

सोबत एक साधी वही असावी. तिच्यात मेनूंचे मार्ग उतरवत बसू नये, ते पुस्तकात आहेतच. कोणत्या फोटोत काय उणीव दिसली, कोणते साधन वापरले आणि कितीवर थांबलो, एवढेच लिहावे. पाच-सहा फोटोंनंतर ही वही पुस्तकाइतकीच उपयोगी पडू लागते, कारण तिच्यातले आकडे आपल्या कॅमेऱ्याचे आणि आपल्या उन्हाचे असतात. मे महिन्यात दुपारी बाहेर पडणे शक्यच नसते. सकाळी सहाला फोटो काढावेत आणि दुपार पुस्तकासाठी राखावी, हे वेळापत्रक आपल्याकडे उत्तम जमते.

पुस्तकातली प्रकरणे कोणत्याही क्रमाने असली तरी प्रत्यक्ष फोटोवर काम करताना क्रम साधारण असा ठेवावा: आधी क्षितिज सरळ करून चौकट ठरवणे, मग रंगाचा तोल, मग उजेड आणि सावली, त्यानंतर फोटोतल्या ठरावीक भागांवरचे काम, मग डाग आणि नको असलेल्या गोष्टी, आणि सर्वांत शेवटी आकार व धार (कडांचा ठळकपणा). चौकटीबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फुटाळ्याच्या पाण्याची रेषा तिरकी असेल तर ती सरळ करावी आणि कडेला अर्धवट कापला गेलेला माणूस पूर्ण काढावा किंवा पूर्ण ठेवावा.

संत्र्यांवर रंगाचा तोल शिकावा

व्हाइट बॅलन्सच्या प्रकरणासाठी आपल्या शहरात संत्र्यांपेक्षा चांगला विषय नाही. आंबिया बहाराची किंवा मृग बहाराची संत्री बाजारात आली की ताडपत्रीखाली मांडलेल्या ढिगाचा एक फोटो काढावा, आणि चौकटीत एखादे पांढरे पोते किंवा विक्रेत्याचा पांढरा सदरा येईल याची काळजी घ्यावी. ताडपत्री निळी असेल तर संत्री मळकट दिसतात, पिवळी असेल तर सगळाच फोटो पिवळा होतो.

आता रंगाचा तोल साधणारा ड्रॉपर घेऊन त्या पांढऱ्या पोत्याच्या सावलीतल्या, करड्या दिसणाऱ्या भागावर टिचकी मारावी. उन्हात चमकणाऱ्या भागावर मारू नये, कारण तिथले तिन्ही रंग कमाल मर्यादेला पोहोचलेले असतात आणि सॉफ्टवेअरला तोल ओळखायला काहीच उरत नाही. पोते पांढरे झाले की संत्र्यांकडे पाहावे. पुष्कळदा पोते अचूक पांढरे होते, पण बाजारातली उबदार हवा पार निघून जाते. अशा वेळी स्लायडर थोडा पिवळ्याकडे परत आणावा. किती आणावा याचा आकडा कोणतेही पुस्तक देऊ शकत नाही.

याच फोटोत आणखी एक धडा मिळतो. शंभर टक्के आकारात फोटो उघडून एका संत्र्याची साल बघावी. सालीवरची बारीक छिद्रे दिसत असतील तर ठीक; नारिंगी रंगाचा सपाट, गुळगुळीत डागच दिसत असेल, तर लाल रंगाची माहिती मर्यादेबाहेर गेलेली आहे. नारिंगीत लाल सर्वाधिक असतो, म्हणून सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) वाढवले की आधी लाल भरतो आणि पोत नाहीसा होतो. सॅच्युरेशन तिथपर्यंत मागे घ्यावे, जिथे छिद्रे परत दिसू लागतात. शेंदूर, झेंडूची तोरणे, लाल शालू यांनाही हीच कसोटी लावावी.

पांढरा घुमट आणि हिस्टोग्राम

हिस्टोग्रामचे प्रकरण वाचताना बहुतेकांना कंटाळा येतो, आणि नेमके तेच प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे. हिस्टोग्राम म्हणजे फोटोतल्या उजळपणाचा आलेख. त्याच्या डाव्या टोकाला ० म्हणजे काळा आणि उजव्या टोकाला २५५ म्हणजे पांढरा असतो. ज्या उजळपणाचे पिक्सेल जास्त, तिथे आलेख उंच. तो समजून घेण्यासाठी दीक्षाभूमीच्या स्तूपाचा सकाळच्या तिरप्या उन्हातला फोटो घ्यावा. चौकटीत पांढऱ्याचा भाग मोठा असला की कॅमेरा उजेड कमी धरतो, म्हणून घुमट बहुधा करडा येतो आणि आलेखाचा उजवा भाग रिकामा राहतो.

लेव्हल्स उघडून उजवीकडचा पांढरा त्रिकोण हळूहळू डावीकडे, आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत सरकवावा. घुमट उजळतो आणि मन आणखी पुढे जाण्याचा आग्रह धरते. इथे थांबून माऊसचा बाण घुमटाच्या सर्वांत उजळ भागावर न्यावा आणि पिक्सेलचे आकडे वाचावेत. फोटोशॉपमध्ये ते इन्फो पॅनेलमध्ये आणि गिंपमध्ये पॉइंटर या चौकटीत दिसतात. तिन्ही आकडे २५५ असतील तर तिथे दगडाचा पोतही उरलेला नाही आणि घुमटाची गोलाईही नाही, आणि छापल्यावर तिथे कोरा कागद दिसेल. उन्हाचा भाग २४० च्या आसपास आणि सावलीची बाजू हळूहळू उतरत गेलेली, असे असेल तर घुमट पांढराही दिसतो आणि गोलही. फोटोशॉपमध्ये ऑल्ट कळ दाबून तोच त्रिकोण सरकवला तर माहिती हरवलेले भाग काळ्या पडद्यावर उजळून दिसतात. ही सोय रोज वापरावी.

त्यानंतर कर्व्हज घ्यावे. पुस्तकात हमखास दाखवलेली इंग्रजी एस अक्षरासारखी वक्ररेषा उजळ भाग वर आणि गडद भाग खाली नेते, म्हणजे कॉन्ट्रास्ट वाढवते. धुक्यातल्या किंवा पावसाळी फोटोला ती शोभते. आपल्या भर उन्हातल्या फोटोला मात्र कित्येकदा तिच्या उलट, सावल्या किंचित वर उचलणारी आणि उजळ भाग दाबून धरणारी रेषा लागते. पुस्तकातली रेषा जशीच्या तशी उतरवणाऱ्यांचे फोटो कर्कश दिसतात, ते यामुळेच.

लेअर आणि मास्क

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते तेव्हा काळी आणि पिवळी या दोन्ही मारबतींचे फोटो काढता आले तर मास्क शिकण्याचे उत्तम साहित्य हाती येते. काळ्या मारबतीच्या फोटोत मूर्तीचा तपशील काळोखात बुडालेला असतो आणि मागचे श्रावणाअखेरचे आभाळ पांढरेफटक असते. पूर्ण फोटो उजळला तर आभाळ जाते, गडद केला तर मूर्ती जाते.

म्हणून आधी कर्व्हजचा वेगळा लेअर घेऊन मूर्तीचा तपशील दिसेपर्यंत सगळा फोटो उजळावा. आभाळ बिघडेल, तिकडे या क्षणी लक्ष देऊ नये. आता त्या लेअरचा मास्क पूर्ण काळा करावा. मास्कवर काळा रंग परिणाम झाकतो, पांढरा तो दाखवतो आणि करडा अर्धवट दाखवतो, एवढे लक्षात राहिले की मास्कचे निम्मे प्रकरण समजले. मग मऊ कडेचा ब्रश घेऊन, ऑपॅसिटी (रंगाचा दाटपणा) २० ते ३० टक्के ठेवून, पांढऱ्या रंगाने फक्त मूर्तीवर हळूहळू थर द्यावेत. एका झटक्यात १०० टक्क्यांनी रंगवले तर मूर्तीभोवती उजळ वलय उमटते आणि कोणालाही ते ओळखू येते. काम झाल्यावर तो लेअर बंद-चालू करून पाहावा. बदल धक्कादायक वाटला तर त्याची ऑपॅसिटी उतरवावी.

तारा, डाग आणि चेहरे

महाल, इतवारीच्या गल्ल्यांत फोटो काढला की विजेच्या आणि केबलच्या तारा चौकटीत येतातच. हीलिंग ब्रश शेजारचा पोत घेऊन तो आजूबाजूच्या रंगाशी मिसळतो, म्हणून मोकळ्या आभाळातली तार त्याने सुरेख निघते. तीच तार जुन्या वाड्याच्या लाकडी सज्जाला चिकटून जात असेल तर हीलिंग तिथे लाकडाचा रंग आभाळात ओढते. तेवढ्या भागापुरता क्लोन घ्यावा, कारण तो पोत जसाच्या तसा उचलून ठेवतो. दोन्ही कामे रिकाम्या वेगळ्या लेअरवर करावीत आणि साधनाच्या पर्यायांत सर्व लेअरमधून नमुना घेण्याची खूण करावी, म्हणजे चुकलेले पुसता येते.

चेहऱ्यांबाबत मला कळकळीने एक सांगायचे आहे. लग्नाच्या अल्बमांत सावळी माणसे गोरी करण्याची सवय आपल्याकडे खोल रुजलेली आहे, आणि बरीच तयार प्रीसेट तेच करतात. तात्पुरती आलेली पुटकुळी काढावी, घामाची चमक कमी करावी, सावलीत गेलेले डोळे उजळावेत. परंतु माणसाचा वर्ण, तीळ आणि सुरकुत्या जशा आहेत तशाच ठेवाव्यात. ज्याचा फोटो आहे त्याला तो पाहून आपण स्वतः ओळखू आले पाहिजे.

आकार, धार आणि छपाई

धार आणण्याचे काम आकार ठरल्यानंतरच करावे. ४ × ६ इंचांच्या छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल धरले तर १२०० × १८०० पिक्सेल लागतात, आणि ८ × १२ इंचांना २४०० × ३६००. मोबाइलचा फोटो बहुधा ४:३ प्रमाणात असतो आणि ४ × ६ चा कागद ३:२ प्रमाणात, त्यामुळे वर-खाली काहीतरी कापले जाणारच. ते काय कापायचे हे लॅबवर न सोडता स्वतः ठरवावे. धार आणणारे अनशार्प मास्क हे साधन वापरताना फोटो शंभर टक्क्यांवर ठेवावा, रेडिअस अर्धा ते एक पिक्सेल इतकाच घ्यावा आणि कडांना पांढरी किनार दिसू लागली की मागे फिरावे. जेपेग काढताना रंगांसाठी एसआरजीबी निवडावे, म्हणजे लॅबमध्ये आणि मोबाइलवर रंग फार बदलत नाहीत.

प्रत्येक दोन-तीन प्रकरणांनंतर एक फोटो छापून घ्यावा आणि लॅबला तो आपल्याकडून न सुधारता, आहे तसा छापायला सांगावे. ती प्रत दिवसाच्या उजेडात, सावलीत धरून पडद्यावरच्या फोटोशी ताडून पाहावी. प्रत पडद्यापेक्षा गडद आली असेल, तर आपला पडदा जास्त उजळ ठेवलेला आहे. तो उतरवावा आणि फाइल पुन्हा तपासावी. रंग एका बाजूला झुकला असेल तर खोलीतला उजेड आणि रात्रीचा मोड पुन्हा पाहावा. प्रतीच्या मागे तारीख आणि वहीतल्या नोंदीचा क्रमांक लिहून ती वहीतच ठेवावी, आणि पुढचे प्रकरण उघडण्याआधी त्या फोटोचे पान एकदा वाचावे.